कोऱ्या चौकटीतलं 'नाही'

१

माझ्या धाकट्या जावेने एका माणसाचा जीव घेतला, असं रुग्णालयाने पत्र लिहून कळवलं. शब्द अर्थातच सभ्य होते. 'नोंदीत जाणूनबुजून असत्य माहिती', 'परिणामी रुग्णाचा मृत्यू', 'चौकशी पूर्ण होईपर्यंत कामावर येऊ नये'. पत्र घेऊन माझा दीर सकाळी सकाळी दारात उभा राहिला. त्याच्या शर्टाची बटणं एक खाली एक वर लागली होती आणि मी आधी तीच पाहिली. माझा स्वभावच तसा आहे.

"वहिनी, तिला तुमच्याकडे यायची लाज वाटते. म्हणून मी आलो."

"या, भाऊजी. बसा आधी."

लाज वाटायला कारण होतं. दीड वर्षापूर्वी मी तिच्या मुलाच्या निबंधातल्या चुका, कुणी न सांगता, लाल शाईने काढून दिल्या होत्या. 'ताई नाकाने कांदे सोलतात' असं ती चारचौघांत म्हणाली आणि आमचं बोलणं बंद झालं. ती म्हणाली ते खोटं नव्हतं, म्हणून तर मला इतकं झोंबलं.

ती परिचारिका. एकोणीस वर्षं एकाच रुग्णालयात. घडलं ते एवढंच: लिफ्ट दुरुस्त करणारे एक निवृत्त कारागीर ताप आणि धाप घेऊन एकटेच दाखल झाले. दुसऱ्या दिवशी दुपारी तीन वाजता त्यांना अँटिबायोटिकचं इंजेक्शन दिलं, दहा मिनिटांत गळा सुजला, आणि ते गेले. इंजेक्शन जावेनेच दिलं होतं. संध्याकाळी त्यांची मुलगी परगावाहून पोचली आणि म्हणाली, "बाबांना ते औषध लहानपणापासून चालत नाही. कुणी विचारलं नाही का?"

नोंदीत तर स्पष्ट होतं. 'औषधांची अ‍ॅलर्जी : नाही.' त्याच दिवशी सकाळी दहा चाळीसला जावेच्या नावाने साठवलेलं.

"तिने त्यांना विचारलं होतं?" मी म्हटलं.

"नाही."

"मग लिहिलं कशाला?"

दिराने पत्राची घडी घातली, परत उलगडली. "वहिनी, ती म्हणते तिने लिहिलंच नाही. ती म्हणते, तिने पाहिलं तेव्हा ते आधीपासून लिहिलेलं होतं. आठ दिवसांनी सुनावणी आहे. तिचा परवाना गेला तर कायमचा जाईल."

२

माझं काम सांगते, म्हणजे मी यात कशी शिरले ते कळेल. मी एका सॉफ्टवेअर कंपनीत माहितीची पानं लिहिते. प्रोग्रॅमर लोक वस्तू बनवतात, ती वापरायची कशी हे मी लिहिते. प्रत्येक गोष्टीला 'म्हणजे काय?' विचारते म्हणून मला तिथे मास्तरीणबाई म्हणतात. त्या रुग्णालयाच्या वॉर्डांत नोंदींचा जो संगणक-कार्यक्रम चालतो तो आमच्याच लायब्ररीवर उभा आहे. लायब्ररी म्हणजे पुस्तकांची नव्हे. इतर प्रोग्रॅमरांनी उचलून आपल्या कामात वापरायचे तयार तुकडे, त्यांचा संच.

त्याच दुपारी रुग्णालयाने कंपनीकडे सर्व्हरवरच्या, म्हणजे मुख्य मशीनवरच्या, नोंदी वाचू शकेल असा माणूस मागितला. साहेबांनी मला बोलावलं.

"ती परिचारिका माझी जाऊ लागते," मी सांगून टाकलं.

"तुमचं बोलणं आहे?"

"दीड वर्ष नाही."

"मग तुमच्याइतकं निःपक्षपाती कोण मिळणार? जा."

जावेच्या घरी गेले तेव्हा ती स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभी होती. बसा म्हणाली नाही.

"चुका काढायला आलात, ताई?"

"हो. तुझ्या आहेत की दुसऱ्या कुणाच्या, ते मात्र माहीत नाही. त्या सकाळी काय केलंस ते सांग. गाळू नकोस काही."

"सात नंबरच्या खाटेवर पंख्याचा वारा अंगावर यायचा, त्यांचा खोकला थांबत नव्हता. मी अंग पुसून दिलं, कपडे बदलले आणि बारा नंबरला हलवलं. मग मशीनवर त्यांची नोंद उघडली, साताचे बारा केले आणि साठवलं."

"अ‍ॅलर्जीची चौकट पाहिलीस?"

"ती मी नेहमी आधी पाहते. 'नाही' होतं. दाखल करताना विचारलं असणार, असं समजून मी विचारलं नाही."

"हे साठवायच्या आधी पाहिलंस की नंतर?"

"आधी! किती वेळा सांगू? साहेबलोकांनीही तेच विचारलं." तिचा आवाज फुटला. "त्यांच्याकडे कागद आहे. सर्व्हरवर दहा चाळीसच्या आधी त्या चौकटीत काहीच नव्हतं म्हणे. मग मी वाचलं काय? मला वेड लागलंय का, ताई?"

जे तिथे नव्हतंच ते ती वाचू कशी शकली? एक तर ती खोटं बोलत होती, नाहीतर कागद. आणि कागदावर माझा जन्मभराचा विश्वास.

निघताना ती म्हणाली, "एक राहिलं. साठवल्यावर मला हाक आली म्हणून मशीन तसंच उघडं टाकून गेले. परत आले तर माझ्या खुर्चीत डॉक्टर बसले होते."

३

डॉक्टर तिशीचे असतील. नखं कुरतडून कुरतडून बोटं लाल झालेली.

"मी फक्त एक्स-रे बघत होतो. काही लिहिलं नाही."

"इंजेक्शन तुम्हीच सांगितलंत?"

"हो."

"रुग्णाला विचारलंत?"

ते उसळले. "स्क्रीनवर 'नाही' होतं! तुम्ही असतात तर विचारलं असतंत?" मग आवाज खाली आला. "मी गेले पाच दिवस झोपलेलो नाही, मॅडम."

त्यांची मला दया आली आणि संशयही तेवढाच राहिला. तिथून खाली दाखल-खिडकीवर गेले. तिथला कारकून जाड चष्म्याचा, बोलका. त्याच्यापुढे रुग्णालयाचं स्वतःचं जुनं मशीन होतं, आमच्या लायब्ररीशी त्याचा संबंध नाही.

"मी कोरी सोडली ती चौकट," तो म्हणाला. "माणसाला नाव सांगतानाही धाप लागत होती, त्याला काय काय विचारणार? ही बघा त्या दिवशीची छापील प्रत. सात चौकटी कोऱ्या. कोरी म्हणजे विचारायचं राहिलं, वॉर्डात विचारून घ्या. आमच्याकडे झाडूवाल्यालासुद्धा माहीत आहे."

"वॉर्डात कोरी दिसते का कधी?"

तो थबकला. "ते मला काय माहीत? मी वर कशाला जातो!"

मग प्रशासकांकडे गेले. त्यांनी पुरावा म्हणून कागद पुढे केला. त्यावर एकच ओळ छापलेली होती, खाली लाल रेघ. लाल रेघेचा मोह मला चांगला ठाऊक आहे.

"अख्खं पान द्या," मी म्हटलं.

"बाकीचं गैरलागू आहे."

"ते वाचल्यावर ठरवू."

कुरकुरत का होईना, त्यांनी छापलं. जावेच्या नावाने झालेला बदल एक नव्हता, आठ होते. खाट सातची बारा. अ‍ॅलर्जी : नाही. आधीच्या शस्त्रक्रिया : नाही. चालू औषधं : नाही. आणखी चार चौकटी, चारही 'नाही'. कारकुनाने कोऱ्या सोडलेल्या त्याच सात. आठही ओळींसमोर वेळ एकच, दहा चाळीस आणि बारा सेकंद.

मी रुग्णालयाच्या पायऱ्यांवर बसून मुलीला, म्हणजे त्या गेलेल्या कारागिरांच्या मुलीला, फोन लावला. माफी मागून एकच गोष्ट विचारली, बाबांचं कधी ऑपरेशन झालं होतं का?

"पोटावर वीतभर टाके होते," ती म्हणाली. "लिफ्टच्या खड्ड्यात पडले होते. उघड्या अंगावर कुणालाही दिसतील. का?"

जावेने त्याच सकाळी स्वतःच्या हाताने त्यांचं अंग पुसलं होतं. ती वीतभर खूण पाहून कुणी 'शस्त्रक्रिया : नाही' लिहील? आणि एका सेकंदात सात चौकटी भरायला माणसाला हात किती लागतील? ना तिने लिहिलं होतं, ना डॉक्टरांनी. ते माणसाचं लिखाणच नव्हतं. मग कुणाचं, ते मला पायऱ्या उतरता उतरता कळायला लागलं. तो रस्ता माझ्याच कचेरीकडे जात होता.

४

आमची लायब्ररी लिहिणाऱ्याला आम्ही मौनी म्हणतो. माझ्याहून वीस वर्षांनी लहान, दिवसाला दहा वाक्यं बोलला तर डोक्यावरून पाणी. मी त्याच्यासमोर ते पान ठेवलं. त्याने वाचलं, आणि त्याच्या चेहऱ्यावरून मला कळलं की त्याला नवीन काही कळलेलं नाही.

"मला अडाण्याला सांगतात तसं सांग," मी म्हटलं. "रुग्णालयाचा सर्व्हर माहिती कशी देतो?"

"एपीआय असते, बाई. म्हणजे खिडकी. आपण अमुक रुग्ण मागायचा, ती मजकूर देते. नाव अमुक, खाट सात. जे माहीत नाही ते ती देतच नाही."

"अ‍ॅलर्जी विचारली नसेल तर?"

"तर तो शब्दच येत नाही मजकुरात."

"आणि विचारून 'कसलीच नाही' असं उत्तर मिळालं असेल तर?"

"तर शब्द येतो. पुढे रिकामी यादी."

"पुढे?"

"तो मजकूर आपली लायब्ररी एका साच्यात भरते. खणांचं कपाट समजा. नावाचा खण, खाटेचा खण, अ‍ॅलर्जीचा खण. वॉर्डातला कार्यक्रम मजकूर वाचत नाही, तो कपाट वाचतो."

"आणि मजकुरात अ‍ॅलर्जी आलीच नाही, तर कपाटाला तो खण असतो?"

मौनी खिडकीबाहेर बघायला लागला. "पूर्वी नसायचा. स्क्रीनवर 'विचारलेलं नाही' यायचं. आता असतो. कपाट बनतानाच सगळे खण बनतात. रिकामे."

"आणि रिकामा खण स्क्रीनवर 'नाही' दिसतो."

"हो."

म्हणून तिने ते वाचलं होतं. दहा चाळीसच्या आधी, सर्व्हरवर काही नसताना, तिच्या स्क्रीनवर ते होतं. खरंच होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. दीड वर्ष मी तिच्याशी अबोला धरला होता आणि त्या दिवशी तिच्या घरातून निघताना मी कागदावर विश्वास ठेवला होता, तिच्यावर नाही.

"साठवताना काय होतं?"

"कपाट अख्खं परत जातं," तो पुटपुटला. "एक खण बदलला तरी. सर्व्हरला वाटतं, सातही गोष्टी कुणीतरी विचारून आणल्या. ज्याचं लॉगिन त्याचं नाव."

"हा बदल तू केलास?"

"मी केला."

"का?"

त्याने चहाचा कप उचलला, जो रिकामा होता, आणि उठून गेला.

५

माझं डोकं फिरलं. कारण मला पक्कं आठवत होतं की याच विषयावर मी एक पान लिहिलं होतं. 'न विचारलेलं, विचारून नाही म्हटलेलं, आणि माहीत नसलेलं', तिन्हींचे तीन परिच्छेद, उदाहरणांसकट. ते पान मांडलं की सगळं सिद्ध होणार होतं. मी शोधायला बसले. अनुक्रमणिकेत नव्हतं. जुन्या गठ्ठ्यात नव्हतं. दुसऱ्या पानांवरून त्याच्याकडे जाणारे दुवेही कुणीतरी सफाईने उडवले होते.

माझा संशय अर्थातच मौनीवर गेला. आपलं पाप झाकायला पोराने माझं पान नाहीसं केलं!

तेवढ्यात साहेबांनी आत बोलावलं. दार लावून घेतलं.

"मौनी सांगत होता, तुम्ही मुळापर्यंत पोचलात. शाब्बास. आता ऐका. दोष लायब्ररीचा नाही. आपल्या माहितीत इशारा होता, रुग्णालयाने वाचला नाही, असं आपण म्हणायचं."

"इशारा होता. पान गायब आहे."

"परत घाला. जुन्या तारखेने. तुमचाच मजकूर, तुमचीच सही. खोटं काय त्यात?"

"आणि माझ्या जावेचं काय होईल?"

"रुग्णालयाला इशारा माहीत होता असं ठरलं, तर ते म्हणतील, कर्मचाऱ्यांना सांगितलं होतं. ते त्यांच्यात मिटवतील."

म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. मी उभी राहिले. "आधी हे सांगा, ते पान काढलं कुणी? त्याचं नाव मी सुनावणीत घेणार आहे."

साहेबांनी आपली स्क्रीन माझ्याकडे वळवली. आमच्याकडे प्रत्येक बदलाची नोंद राहते, कुणी केला, केव्हा, कशासाठी. दोन वर्षांपूर्वीची तारीख होती. पान काढणाऱ्याच्या जागी माझं नाव होतं.

खाली मौनीच्या बदलाची नोंद. कारणाच्या जागी त्याने मी पाठवलेला निरोप जसाच्या तसा चिकटवला होता:

'खण नसणं आणि खण रिकामा असणं यांत वाचणाऱ्याला काय फरक पडतो? तीन परिच्छेद उगाच खर्ची पडतात आणि लोक गोंधळतात. दोन्ही एकच करून टाक. मी माझं पान काढून टाकते. सुटसुटीत होईल.'

शेवटचा शब्द माझा लाडका. मी दिवसातून दहादा वापरते. मला तो निरोप लिहिल्याचं आठवतसुद्धा नव्हतं. त्या आठवड्यात मी असली चाळीस पानं झाडून काढली होती आणि साहेबांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं होतं.

"मौनीने तुमचं नाव घेतलं नाही," साहेब म्हणाले. "मीही घेणार नाही. पाण्यात राहून माशाशी वैर कशाला? पान घाला परत, मास्तरीणबाई."

६

सुनावणीच्या खोलीत लांब टेबल होतं. अध्यक्ष एक निवृत्त मुख्य परिचारिका होत्या, पांढरे केस, ताठ पाठ. एका बाजूला जाऊ आणि दीर. समोर गेलेल्या कारागिरांची मुलगी, मांडीवर पर्स घट्ट धरून.

मी दोन मशीनं मागवली. कारकुनाला म्हटलं, एक खोटा रुग्ण दाखल करा, नाव आणि खाट टाका, बाकी कोरं सोडा. त्याने तसं केलं. मग वॉर्डच्या मशीनवर अध्यक्षांच्या नावाचं तात्पुरतं लॉगिन काढून घेतलं आणि ते त्यांच्यापुढे सरकवलं.

"उघडा. काही लिहू नका. अ‍ॅलर्जीपुढे काय दिसतं?"

त्यांनी चष्मा लावला. "नाही."

"लिहिलं कुणी?"

"कुणीच नाही," त्या सावकाश म्हणाल्या.

"आता खाटेचा नंबर बदला आणि साठवा." त्यांनी तसं केलं. मी सर्व्हरवरचं पान छापून आणवलं. आठ ओळी, एकच सेकंद, आणि लॉगिनमुळे अध्यक्षांचं स्वतःचं नाव. "या नोंदीप्रमाणे, मॅडम, सात गोष्टींची खोटी माहिती तुम्ही आत्ता भरलीत."

प्रशासक घसा खाकरायला लागले. अध्यक्षांनी हाताने त्यांना थांबवलं. जाऊ तोंडावर पदर दाबून रडत होती, आवाज न करता. मला तिथे थांबता आलं असतं. तिच्यापुरतं काम झालं होतं. पण टेबलाच्या टोकाला मौनी मान खाली घालून बसला होता, आणि सगळ्यांच्या नजरा त्याच्याकडे वळल्या होत्या.

"हा बदल त्याने माझ्या सांगण्यावरून केला," मी म्हटलं. "समजावून सांगायचा मला कंटाळा आला होता, म्हणून. कंपनीने मला ते पान मागच्या तारखेने परत घालायला सांगितलं होतं. मी घातलेलं नाही. हा माझा निरोप, हे माझं नाव."

कागद हातोहात फिरला. मुलीपर्यंत पोचला तेव्हा तिने तो दोनदा वाचला.

"सुटसुटीत," ती म्हणाली.

मी मान हलवली.

"माझे बाबा बोलू शकत होते हो. दुपारपर्यंत त्यांची धाप कमी झाली होती. मला फोन केला होता त्यांनी. कुणीही विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं." तिने कागद माझ्याकडे परत सरकवला. ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं.

जावेवरचा आरोप त्याच दिवशी काढला. माझी नोकरी आठवड्याने गेली, त्याबद्दल माझी तक्रार नाही. मौनीने लायब्ररी दोन दिवसांत दुरुस्त केली. न विचारलेलं आता न विचारलेलंच दिसतं. पण दोन वर्षांत वॉर्डातल्या मशीनवर जी जी नोंद कुणी एकदा उघडून साठवली, तिच्यात 'नाही' जाऊन बसलं होतं. एकट्या त्या रुग्णालयात एकतीस हजार नोंदी. त्यांतलं कुठलं 'नाही' खरंखुरं विचारून आलेलं आणि कुठलं आमचं, हे सांगायला जगात कुठलंही मशीन उपयोगाचं नाही. माणसांनाच विचारावं लागणार होतं, एकेकाला.

रुग्णालयाने यादी वाटून दिली. कामावर परतलेल्या जावेच्या वाट्याला सहाशे नावं आली. तिने मला फोन केला. दीड वर्षात पहिल्यांदा तिने स्वतःहून केलेला.

"ताई, सध्या मोकळ्या आहात ना? या इकडे. मी विचारते, तुम्ही लिहा."

मी गेले. वॉर्डामागच्या खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या, मध्ये फोन. या वेळी ती बसा म्हणाली, पण माझ्याकडे बघितलं नाही. तिने पहिला नंबर फिरवला आणि मला ऐकू यावं म्हणून फोन मोठ्या आवाजावर ठेवला. पलीकडे एक वयस्कर बाई होत्या.

"रुग्णालयातून बोलतेय, काकू. तुम्हाला कुठल्या औषधाचा त्रास होतो का?"

"आत्ता का विचारताय? माझ्या कागदावर काय लिहिलंय?"

जावेने माझ्याकडे पाहिलं. उत्तर मीच द्यायचं होतं.

"'नाही' लिहिलंय, काकू," मी म्हटलं.

"अगं बाई! मला तर आजवर कुणी विचारलंच नाही. थांबा, चष्मा आणते, दोन औषधं आहेत. घ्या लिहून."